तांड्यासाठी एक तारांकित प्रश्न

दिल्लीहून गावी आलो की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "भाऊ, तुमी थ्या लोकसभेत हप्ताभर करता तरी काय?" विचारणाऱ्याच्या मनात खोच नसे, त्याला खरंच जाणून घ्यायचं असे, आणि मला धड उत्तर देता येत नसे. भाषणं करतो म्हणावं, तर महिनामहिना तोंड उघडायला मिळत नव्हतं. कायदे करतो म्हणावं, तर कुठल्याच कायद्यात माझ्या हातची एक ओळसुद्धा पडलेली नव्हती. बायको मात्र चुलीपुढून बिनदिक्कत उत्तर देई, "उठतात अन् बसतात." ते इतकं खरं होतं की मला राग यायचा.

आम्हांला मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातलं, त्यानंतरच्या निवडणुकीत मी निवडून आलो. बाभुळगावच्या बाजूचा कापूस पिकवणारा माणूस मी. यवतमाळच्या कोर्टात थोडीफार वकिली केलेली, डोकं लवकर तापणारं, आणि एखादी गोष्ट चालते कशी हे कळेपर्यंत अन्न गोड लागायचं नाही. लहानपणी वडिलांचं घड्याळ मी असंच उघडून ठेवलं होतं, आणि ते पुन्हा चाललं नाही ते नाहीच. लोकसभाही मी तशीच उघडून पाहायला लागलो.

सकाळी अकराला प्रश्नांचा तास सुरू होई. प्रश्न विचारायचा तर बरेच दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागे. ती सूचना खिडकीतून आत दिली की पुढे जाते कुठे, हा मला पडलेला पहिला प्रश्न. पहिल्याच अधिवेशनात मी माझ्या कागदाच्या मागोमाग आत शिरलो. कारकून हसले, पण त्यांनी सगळं दाखवलं. एका दिवशी सगळ्यांना विचारता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. ज्याची आधी निघेल त्याचा प्रश्न वर. प्रश्नावर तारा असेल तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर आपल्याला उपप्रश्न विचारता येतो. तारा नसेल तर छापील उत्तर हातात पडतं आणि विषय तिथेच मिटतो. खात्यांचे वार ठरलेले. रेल्वेचा एक, टपालाचा दुसरा, जसे आपल्याकडे बाजाराचे वार. आपला वार चुकला की पुढच्या आठवड्यापर्यंत गप्प बसायचं.

दुपारी विधेयकं. त्यात कलमं, कलमांत पोटकलमं. शुक्रवारी दुपारनंतर मात्र साध्या सभासदांची पाळी असे. मंत्री नसलेल्या कुणीही आणलेलं विधेयक त्या वेळी चर्चेला येई. बहुतेक मंडळी तोवर घराच्या ओढीने निघून गेलेली, बाकं रिकामी, आणि एखादा म्हातारा सभासद पोटतिडकीने बोलत असे. त्याचं विधेयक मंजूर होणार नाही हे त्यालाही ठाऊक असे. मला शुक्रवार सगळ्यांत जास्त आवडायचा. माणूस होणार नसलेल्या गोष्टीसाठी इतकं नीट का बोलतो, हे मी तासन् तास ऐकत बसे. शनिवार पत्रांत जाई आणि रविवार माणसांत. महागावचा कुणी नोकरीसाठी आलेला, मुकुटबनचा कुणी नुसता लाल किल्ला पाहायला आलेला. सगळे आमच्या दिल्लीतल्या गाळ्यातच उतरायचे आणि बायको सगळ्यांना ज्वारीच्या भाकरी करून घालायची.

आता त्या उठण्याबसण्याचं. सभागृहात बोलायचं तर जागेवर उभं राहायचं आणि अध्यक्षांची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं. नजर पडली आणि त्यांनी नाव घेतलं तर बोला, नाहीतर बसा. गावच्या बैठकीत मोठ्या माणसापुढे जसं उभं राहायचं तसा मी गुमान उभा राही. शेजारचे मुरलेले सभासद हातातला कागद फडकवत, खाकरत, "अध्यक्ष महोदय" म्हणून आधीच सुरुवात करून टाकत. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं, "अहो, तुम्ही उभे राहता हे तुमच्याशिवाय कुणाला कळतच नाही." मला ते लागलं. पण आरडाओरडा करून पाळी घेणं काही जमेना.

अशा आठवड्यांतून माझ्या हातून एकच दिसण्याजोगं काम झालं होतं. दारव्ह्याकडून यवतमाळला येते ती छोटी गाडी एका बंजाऱ्यांच्या तांड्याजवळून जायची. तिथे मी एक थांबा मिळवून दिला होता. थांबा म्हणजे काय, तर रुळांच्या कडेला मातीचा ओटा, एक फलक, आणि फलकावर लिहिलेलं की उतारूंनी हात दाखवावा, गाडी थांबेल. तिकीटघर नाही, मास्तर नाही. तिकीट गाडीतला गार्डच फाडून देणार. रेल्वेने तो अजमाइशीवर दिला होता. उतारू मिळाले तर ठेवू, नाही मिळाले तर काढू, असा करार.

तो थांबा मागितला होता तांड्याच्या नायकाने. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. साठीतला, ताठ, लाल पागोटं, बोलायला कमी. त्याच्या बायकोला छातीचा आजार जडला होता. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा सुई घ्यायची, आणि हे महिनोनमहिने चालायचं. बैलगाडीने न्यायची तर घाटातल्या धक्क्यांनी खोकल्याची उबळ येई आणि रुमालावर रक्त दिसे. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की सुया अशा चुकत राहिल्या तर पुढचं माझ्या हातात नाही. नायकाने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज हलला नाही, पण माझा हलला. म्हणून त्या थांब्यासाठी मी खेटे घातले आणि तो झाला तेव्हा दिल्लीत पेढे वाटले.

काही महिन्यांनी नायक यवतमाळला मला भेटायला आला. "भाऊ, गाडी थांबत नाई. गाडीवाल्याले सांगा, थोडी जागा करा म्हना." मी चक्रावलो. "थांबत नाही म्हणजे?" "आमी उभे राह्यतो. थे आमाले पाह्यते अन् जाते." एवढं ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. गरीब माणसं पाहून गाडी पुढे काढतात म्हणजे काय! दिल्लीला परतलो तो पहिली सूचना टाकली तीच, तारा लावून, आणि नशीब असं की चिठ्ठीही निघाली.

त्या दिवशी मी नवं धोतर नेसून गेलो होतो. नंबर पुकारला गेला, मी उभा राहिलो, प्रश्न वाचला. मंत्र्यांनी शांतपणे उत्तर दिलं: उतारू असल्यास गाडी सदर थांब्यावर थांबते, परंतु थांबा सुरू झाल्यापासून तेथे एकही उतारू आढळलेला नाही, सबब तो महिनाअखेर बंद करण्याचा विचार आहे. मी तडकलो. "तिथे रोज माणसं उभी असतात, सरकारला ती दिसत नाहीत काय?" मंत्र्यांनी विचारलं, "माननीय सदस्यांनी ती स्वतः पाहिली आहेत काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गाडीच तांड्यात मुक्कामाला न्या!" सभागृह हसलं. मी आणखी काहीतरी ओरडलो असणार, कारण अध्यक्षांनी मला खाली बसवलं. लाजेने कानशिलं तापली होती. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा ते रक्ताचे डाग पडलेले रुमाल डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मंत्री भला माणूस होता. दुपारी त्याने मला आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला आणि गार्डने पाठवलेले अहवाल पुढ्यात ठेवले. ते मी वाचू लागलो आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. गार्डने एके ठिकाणी लिहिलं होतं की तांड्यातील लोक रुळांशेजारी गाडी बघण्यास उभे असतात. गाडी बघण्यास! हे खोटं लिहिणाऱ्याचं लिहिणं नव्हतं. खोटं लिहायचं तर माणसं नव्हतीच असं लिहिलं असतं. इकडे नायक खोटं बोलणारा नव्हता. माणसं उभी असतात हे दोघेही सांगत होते, गाडी थांबत नाही हेही दोघे सांगत होते. मग मध्ये काय हरवलं होतं?

या विषयावर अर्ध्या तासाची वेगळी चर्चा व्हावी अशी सूचना मी देऊन ठेवली, आणि मध्ये होळीची सुट्टी मिळाली तसा बायकोला घेऊन धामणगावची गाडी धरून घरी आलो. घरी पिशवी टाकली आणि तसाच तांड्याकडे निघालो. बायको म्हणाली, "आता तिथं जाऊन उठाबसा काढा."

सकाळी थांब्यावर पोचलो तेव्हा माणसं आधीच जमली होती. नायक होता, दोन बाया बाजाराला निघालेल्या, एक म्हातारा. नायकाची बायको ओट्यावर बसली होती. घुंगटातून फक्त हनुवटी दिसत होती आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. प्रत्येकाने आपलं गाठोडं उचलून रुळांच्या कडेला, जमिनीवर, अगदी नीट ओळीत ठेवलं आणि त्यामागे ताठ उभं राहिलं. मी जरा लांब, पळसाच्या झाडाखाली थांबलो. गाडी आली, हळूहळू, धापा टाकत. इंजिनवाल्याने माणसांकडे पाहिलं. माणसांनी इंजिनवाल्याकडे पाहिलं. गार्डही डब्याच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. आणि गाडी निघून गेली.

कुणीही हात वर केला नव्हता.

मी पळत सुटलो. "काहून हात नाही दाखवला? फलकावर लिहिलं आहे ना तसं!" वकिली मराठी, वऱ्हाडी, सगळं एकत्र तोंडातून येत होतं. नायक माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याला काही भलतंच करायला सांगतोय. "भाऊ," तो म्हणाला, "चालत्या लदेणीले हात करत असते का कोनी?"

मी तिथेच त्या ओट्यावर बसलो. राग बाजूला राहिला आणि जुनी खोड जागी झाली. म्हटलं, "बाबा, आता पहिल्यापासून सांग."

लदेणी म्हणजे पाठीवर माल लादलेल्या बैलांचा काफिला. नायकाचा आजा मीठ आणि धान्य वाहायचा, शेकडो बैलांच्या लदेणीबरोबर मुलूख पालथा घालायचा. "एक बैल मधी थांबला का मांगचे सारे त्याच्यावर येते," नायक सांगत होता. "माल घसरते. बसलेला बैल मंग उठत नाई. म्हून वाटेत कोनाले संगं यायचं असन, तं थो आपलं गाठोडं कडेले खाली ठेवते अन् उभा राह्यते. म्होरक्या पाह्यते. जागा असन तं थांबते, नसन तं जाते. त्याचा राग नाई मानाचा. अन् हात करून लदेणी थांबवते थो कोन, मालूम हाय?"

"कोण?"

"लुटारू."

मग हळूहळू सगळं जुळत गेलं. महिनोनमहिने ही माणसं गाडीसमोर गाठोडी ठेवून उभी राहिली होती, आणि गाडीत जागा नसावी असं समजून निमूट घरी गेली होती. म्हणून तर नायकाने मला जागा करायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "अरे, पण ही बैलं नाहीत, लोखंड आहे. थांबली तरी माल घसरत नाही."

"लोखंड असन. पन सरकारचं हाय." नायकाने आवाज खाली केला. "आमच्यावर पोलिसाइचा डोया कवापासून हाय, तुमाले सांगाले नाई पाह्यजे. कुठी चोरी झाली का आधी तांडा झडते. उद्या कोनं म्हनलं, तांडेवाले हात करून सरकारी गाड्या अडवून राह्यले, तं? म्या कोनाकोनाले सोडवाले जाऊ?"

फलकावर लिहिलंय ना, एवढं मी म्हणालो. तो म्हणाला, "लिव्हलेलं तुमच्यासाठी असते." मग त्याने मलाच विचारलं, "थ्या सभेत तुमाले बोलाचं असन तं तुमी हात करता का?"

"नाही. उभा राहतो."

"मंग?"

"अध्यक्ष पाहतात."

"नाई पाह्यलं तं?"

"तर बसतो," मी म्हणालो, आणि मला हसू आलं. नायक हसला नाही. त्याला ते अगदी रास्त वाटलं असावं.

त्या दिवसाची सुई चुकली. आम्ही तांड्यात परतलो. होळी जवळ आलेली, बाया गाणी बसवत होत्या. नायकाच्या दारात बसून मी उपाय शोधत होतो आणि आतून खोकल्याचा आवाज येत होता. हात न दाखवताच गाडी थांबावी असा हुकूम दिल्लीतून काढता आला असता. नायकाचंही तेच म्हणणं होतं. "तुमी दिल्लीत सांगा. म्होरक्यानं सोताहून थांबलं पाह्यजे." मी त्याला समजावून सांगितलं की सूचना द्यावी लागेल, चिठ्ठी निघावी लागेल, रेल्वेचा वार यावा लागेल, आणि तोवर महिना संपून फलक उखडलेला असेल. आमचं काम आठवड्यांच्या चालीने चालतं. याडीचा खोकला त्या चालीने चालणार नव्हता. याडी म्हणजे आई. नायकाच्या बायकोला तिथे सगळे तसंच म्हणत, मीही म्हणू लागलो होतो.

"मग असं करू," मी म्हणालो. "उद्या मी हात दाखवतो. मी खासदार आहे, मला कोण लुटारू म्हणणार? गाडी थांबेल, याडीला घेऊन जा."

नायकाने पागोटं नीट केलं. मग म्हणाला, "अन् तुमी दिल्लीले गेल्यावर हात कोन करन?"

त्या एका वाक्याने माझी सगळी खासदारकी उघडी पडली. या माणसांच्या वतीने मी कुठेकुठे उभा राहणार होतो? मला खूप वाईट वाटलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला. आतला खोकला थांबला होता. याडी आमचं बोलणं ऐकत होती हे मला तेव्हा कळलं नाही.

सकाळी पुन्हा सगळे थांब्यावर गेलो. गाठोडी ओळीत लागली. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. गाडी आली की उजवा हात आपोआप वर जाईल या भीतीने तो डाव्याने घट्ट धरून ठेवला होता. नायक म्हणाला त्यावर मी रात्री विचार केला होता, आणि माझ्या हातावर थांबणारी गाडी मला त्यांना द्यायची नव्हती. पण दुसरीकडे एकेक सुई चुकत होती. गाडी दिसायच्या आत काय ते ठरवायचं होतं, आणि माझं काहीच ठरलं नव्हतं.

गाडी वळणावर दिसली. नायक समोर बघत ताठ उभा. त्याच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, नाही म्हणून. मी माझा हात सोडवायला लागलो होतो.

तेवढ्यात याडी उठली. गाठोड्याला वळसा घालून ती पुढे झाली, पार रुळांपाशी. नायक तिच्या नावाने हाक मारत होता, तिने वळून पाहिलं नाही. तिने हात वर केला. दंडापर्यंतच्या त्या सगळ्या बांगड्या खळाळून कोपराकडे आल्या आणि उन्हात पांढऱ्याशुभ्र दिसल्या. आजाराने हात इतका वाळला होता की आता त्या अंगच्या वाटतच नव्हत्या.

गाडीने शिट्टी दिली आणि करकरत थांबली.

गार्ड खाली उडी मारून आला. खाकी कपडे, काखेत झेंडी. "कोनं थांबवली गाडी?" त्याने विचारलं. त्याचं विचारणं साधंच होतं, पण ओळीतल्या कुणाची मान वर होईना. बाजाराला निघालेल्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. म्हाताऱ्याने आपलं गाठोडं उचलून छातीशी धरलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"म्या थांबवली," याडी म्हणाली. खोकला दाबून म्हणाली, म्हणून आवाज चिरका आला. "म्या हात केला. जे होईन थे माह्यावर."

गार्ड तिच्याकडे पाहतच राहिला. मग खिशातून तिकिटांची गड्डी काढत म्हणाला, "मंग चढ ना माय. इतके दिवस नुसती पाहत काहून उभी राहत होती? कुठलं देऊ, यवतमाळचं?"

ती चढली. तिच्यामागे बाया चढल्या, म्हातारा चढला. नायक मात्र जागचा हलला नाही. तो रुळांकडे पाहत होता, मागे कुठला बैल बसला की काय ते बघत असावा. गार्डने झेंडी दाखवली. गाडीने हिसका दिला आणि ती निघाली. खिडकीतून याडीची हनुवटी दिसली, मग फक्त बांगड्या, मग तिला आलेली खोकल्याची उबळ ऐकू आली.

नायक धावला. लाल पागोटं सुटून खांद्यावर आलं होतं. धावता धावता त्याने दोन्ही हात वर केले, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तो ओरडला, "थांबव! थांबव रे!"

गाडी दुसऱ्यांदा थांबली. गार्ड दारात येऊन करवादला, "एका टेसनावर दोनदा थांबाले ही काय तुह्या बापाची बैलगाडी हाय का? आता काय झालं?"

नायक दांडी धरून चढत होता. "काई नाई झालं," तो धापा टाकत म्हणाला. "बायको एकटी हाय. मीबी येतो."